घाटंजी ते नागपूर एअरपोर्ट गाडी सर्विस : साडेतीन स्टार, आणि ६७ वर्षांचे ड्रायव्हरकाका

आधी कामाचं. सात सीटर गाडी, घाटंजीहून नागपूर एअरपोर्ट, जाऊन-येऊन ६,२०० रुपये, डिझेल-ड्रायव्हर त्यातच, टोल आणि पार्किंग आपल्याकडं. ज्यांना एवढंच पाहिजे होतं ते इथूनच परत फिरले तरी चालते. बाकीच्यांसाठी पुढं लंबं लिहिलं आहे कारण गोष्टच तशी झाली, आणि मास्तर माणूस आहे, थोडक्यात आवरत नाही. सर्विसचं नाव टाकत नाही, का ते खाली समजेल, आणि तसंही आपल्या इकडं स्टँडवर उतरून एअरपोर्टची गाडी म्हणलं की चहावालाच नंबर देते.

गाडी स्वच्छ होती. एसी मागच्या सीटपर्यंत पोचते, कव्हर धुतलेले, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या पण कोमट. डिक्कीत भाच्याची मोठी बॅग, बहिणीनं दिलेली तुरीच्या डाळीची दहा किलोची थैली, शेवयांचा डबा, लोणच्याची बरणी, सगळं मावलं. तिसऱ्या रांगेत मात्र मोठ्या माणसानं बसू नये, तिथं लेकरू नाहीतर डाळ, दोनच गोष्टी बसतात. टाइम एकदम करेक्ट, साडेसहा सांगितलं होतं तं सहा वीसलाच गाडी गेटसमोर, आणि हॉर्न न वाजवता.

हॉर्न न वाजवता हे मुद्दाम लिहिलं. मागच्या वर्षी याच सर्विसची गाडी केली होती तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा आला होता, त्यानं पहाटे साडेचारला अख्खी गल्ली उठवली, मग बुटीबोरीच्या पुढं एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात मोबाईल, रील पाहून हसून राहिला, काटा एकशे वीसवर, आणि मंडळी (म्हणजे आमची बायको) मागं बसून माझ्या खांद्याला चिमटे काढून राहिली की बोला ना काहीतरी. बोललो तर म्हणे सर टेन्शन घेऊ नका, डेलीचा रोड आहे. म्हणून यावेळी बुकिंग करतानाच मालकाला सांगितलं, भाऊ वयस्क माणूस दे. त्यानं दिला. ६७ वर्षांचा.

काका म्हणजे एसटीतून रिटायर झालेले. ५८ ला नारळ-शाल घेऊन घरी आले, सहा महिने वावरात जीव लावून पाहिला, लागला नाही, तेव्हापासून ही गाडी. म्हणजे नऊ वर्षं झाली. पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, डॅशबोर्डवर सुपारीची डबी. गाडी चालवणं असं की ग्लासातलं पाणी हलणार नाही. यवतमाळ सोडलं आणि कळंबच्या अलीकडं धुई पडली होती, सकाळचे साडेसात-पावणेआठ, सूर्य निघालेला पण रस्त्यावर दुधासारखं पांढरं, तर हा माणूस धुईत शिरायच्या आधीच, म्हणजे आम्हाला काही दिसायच्याही आधी, स्पीड चाळीसवर आणून बसला. मी विचारलं काय झालं काका, तर म्हणे, "सर, समोरून येणाऱ्या ट्रकाईचे लाईट लागलेले हायेत ना, म्हंजे फुडं काईतरी हाय." एवढं साधं. पण हे त्या रीलवाल्या पोराला दहा वर्षं सुचणार नाही.

आणि एक गोष्ट, जी मी आजपर्यंत कोणत्याच गाडीवाल्याला करताना पाहिली नाही. चहाला थांबलो की आधी चहा नाही. आधी खाली उतरून चारही चाकांना एक-एक चक्कर, तळहात चाकाच्या मधोमध नेऊन नुसता टेकवायचा, तापलं आहे का ते पाहायचं, एका चाकाजवळ जरा जास्त वेळ थांबायचं, मग हात धोतरासारखा पँटला पुसायचा आणि मग चहा. मी विचारलं तर म्हणाले एसटीत टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर वाजवून पाह्याची सवय, आवाजावरून हवा समजते, ही लहान गाडी हाये तं हातानं. माझा भाचा हे सगळं पाहत उभा होता आणि त्याच्या तोंडावर हसू, कारण तोही ड्यूटीवर उडायच्या आधी विमानाभोवती असाच चक्कर मारते, त्याला ते लोक वॉकअराउंड म्हणतात.

हो, ते सांगायचं राहिलंच, भाचा पायलट आहे. आमच्या बहिणीचा. गोंदियाजवळ बिरसीला शिकला, त्यासाठी भाऊजींनी अडीच एकर विकलं, ते वेगळं पुराण. सध्या फर्स्ट ऑफिसर, आपण ज्याला को-पायलट म्हणतो तो. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही म्हणून नंतर चार दिवस आला होता, त्यालाच सोडायला ही ट्रिप.

देवळीच्या अलीकडं एका टपरीवर तर्री-पोहा घेतला (पोहा बरा, तर्री नुसती लाल, झणका नाही, थांबायचंच असेल तर वर्ध्यात थांबा) तिथं काकांनी भाच्याला सहज विचारलं, "पायलटसाहेब, तुमच्यात रिटायर कवा करतेत?" तो म्हणे ६५. काका हसले. "म्हंजे मले तं दोन वर्सं आधीच खाली उतरवलं असतं."

इथून जो विषय निघाला तो थेट नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत चालला आणि पोहे थंड झाले. भाच्याचं म्हणणं असं की सध्या जगभर हाच वाद चालू आहे. विमान कंपन्यांची जी जागतिक संघटना आहे, आयाटा, तिनं २०२५ मध्ये आयकाओकडं, म्हणजे युनोची विमान वाहतुकीची जी संस्था आहे तिच्याकडं, प्रस्ताव दिला की आंतरराष्ट्रीय विमानं उडवायची मर्यादा ६५ वरून ६७ करा, अट एवढीच की दोघांपैकी एक तरी पायलट ६५ च्या आतला पाहिजे. माँट्रियलला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आयकाओची मोठी सभा झाली, तिथं ते मान्य झालं नाही. ६५ चं ६५ च राहिलं. पायलटांच्या बऱ्याच संघटना विरोधात होत्या, कंपन्या बाजूनं.

काकांना हे उलटंच वाटलं. त्यांच्या डोक्यात मालक म्हणजे म्हाताऱ्याला काढणारा आणि युनियन म्हणजे वाचवणारी. इथं मालक म्हणते राहू द्या आणि युनियन म्हणते जाऊ द्या? भाच्यानं समजावलं की पायलट कमी पडून राहिले ना काका, तयार झालेला कॅप्टन दोन वर्षं अजून मिळाला तर कंपनीला बरंच. आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणाला की एक गोष्ट खरी, वरचा माणूस दोन वर्षं उठला नाही तर खालचा दोन वर्षं तिथंच. विमान कंपनीत सगळं सिनिऑरिटीवर चालते, कोणतं विमान, कोणता रूट, दिवाळीची सुट्टी, सगळं. वरून एक कॅप्टन गेला की खालची पूर्ण रांग एक-एक पायरी सरकते.

मी म्हणलं म्हणजे तुझा विरोध तुझ्या कमांडसाठी, कॅप्टन व्हायसाठी आहे, सेफ्टी-बिफ्टी तोंडी लावायला. तर लाजला. म्हणे मामा, थोडं तेही आहे. मला ते आवडलं, खरं बोलला. तसाही मी काय बोलू, माझीच गत तशी. जिल्हा परिषदेच्या मास्तराला ५८, मला चार वर्षं राहिली, आमच्या संघटना कित्येक वर्षांपासून ६० करा म्हणून निवेदनं देऊन राहिल्या, मीही सह्या केल्या आहेत, आणि गल्लीतली डीएड झालेली पोरं माझ्याकडं अशी पाहतात की गुरुजी कधी उठता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच पाहिलं असतं.

भाच्यानं एक जुनी गोष्ट सांगितली ती मात्र मला माहीत नव्हती. अमेरिकेत पहिले ६० ची मर्यादा होती, १९६० मध्ये लागू झाली, आणि ती काही मोठा डॉक्टरी अभ्यास करून आलेला आकडा नव्हता. त्यावेळी तिथल्या एका मोठ्या एअरलाइनचं तिच्या पायलटांशी रिटायरमेंटच्या वयावरून भांडण चालू होतं, तिच्या प्रमुखानं सरकारी विमान खात्याच्या प्रमुखाला पत्र लिहिलं की ६० चा नियम करा. जेट विमानं तेव्हा नवी नवी आली होती, त्यामुळं म्हातारे पायलट ती शिकतील का ही शंकाही होती. नियम झाला आणि तो जवळपास ४८ वर्षं टिकला. २००६ मध्ये आयकाओनं ६५ केलं, तेव्हा अट अशी की एक ६० च्या वरचा असेल तर दुसरा ६० च्या आतला पाहिजे. मग २००७ च्या १३ डिसेंबरला अमेरिकेनंही ६५ चा कायदा केला, आणि पुढं २०१४ मध्ये ती जोडीची अटही गेली. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ६७ करायचा पुन्हा प्रयत्न झाला, खालच्या सभागृहानं पास केलं, पण शेवटी मे २०२४ ला जो कायदा झाला त्यात ६५ च राहिलं. जपाननं मात्र स्वतःच्या देशात २०१५ पासूनच ६८ पूर्ण होईपर्यंत उडू दिलेलं आहे.

काका ह्या सगळ्यात एकाच ठिकाणी अडकले. तो २००७ चा कायदा मागच्या लोकांना लागू नव्हता. म्हणजे १३ डिसेंबरच्या आधी ज्याचे ६० भरले तो घरी, आणि ज्याचे त्यानंतर भरले त्याला पाच वर्षं अजून. परत यायचं तर नव्या पोरासारखं एकदम तळापासून. "म्हंजे एका दिसाचा फरक?" काकांनी दोनदा विचारलं. "बारा तारखेले वाढदिवस असला तं मेलाच का तो?" भाचा म्हणे हो, तसंच. काका मग खूप वेळ काही बोलले नाहीत, सेलूचा फाटा गेला तरी. एसटीत त्यांच्यासोबतच्या कोणाचं असं काही झालं असेल, मी विचारलं नाही.

मीही माझं ज्ञान पाजळलं, मास्तर आहे. तो अमेरिकेतला सली कॅप्टन, ज्यानं न्यूयॉर्कच्या नदीत विमान उतरवलं आणि १५५ च्या १५५ वाचले, १५ जानेवारी २००९. त्याचं वय तेव्हा ५७, आणि आठ दिवसांनी तो ५८ चा झाला. म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेत असता तर ३१ जानेवारीला निरोप समारंभ, हातात नारळ, आणि पेन्शनची फाईल पंचायत समितीत. काका खूष झाले. पण भाचा म्हणे मामा, ह्याच्यात अर्धीच गोष्ट आहे, त्याच्या बाजूला ४९ वर्षांचा को-पायलट होता जो चेकलिस्ट काढून इंजिन चालू करायच्या मागं लागला होता, एकट्यानं नाही उतरवलं. विमानात दोन सीटा त्याच्यासाठीच असतात. आणि साठीच्या वर गेलं की आमचं मेडिकल वर्षाला नाही, दर सहा महिन्याला. ईसीजी, डोळे, कान, शुगर, बीपी. वरून सिम्युलेटरमध्ये सहा महिन्याला परीक्षा, इंजिन बंद पाडतात, आग लावतात, पाहतात काय करतो. नापास झाला की तिथंच खाली.

काका म्हणाले, "आमाले एसटीत तरी डोये तपासत. आता कोन पुसते."

हे वाक्य तेव्हा मी तसंच जाऊ दिलं.

एअरपोर्टला पावणेअकराला पोचलो, दीडचं विमान, भाचा आत गेला. काकांनी त्याला वाकून नमस्कार करू दिला नाही, हात मिळवला, पायलट-ड्रायव्हर बरोबरीत. पार्किंगला गाडी लावून ते थांबले, आम्ही दोघं सीताबर्डीवर, मंडळींची खरेदी, त्यावर वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल. काकांनी एकदाही फोन करून किती वेळ म्हणून विचारलं नाही, हे लिहून ठेवतो, बाकीचे ड्रायव्हर दर अर्ध्या तासाला विचारतात. निघालो साडेपाचला. नोव्हेंबरात साडेपाच म्हणजे दिवा लागलाच.

आता खरी तक्रार.

वर्धा सोडेपर्यंत काही नाही. देवळीच्या पुढं माझ्या लक्षात आलं की काका बोलत नाहीत. सकाळी जो माणूस गप्पा मारत पंचेचाळीस मिनिटं एका विषयावर राहिला तो आता स्टिअरिंगला चिकटून पुढं वाकला होता, समोरून गाडी आली की मान जराशी डावीकडं वळवायचे, डोळे बारीक. हल्ली सगळ्यांनी ते पांढरे एलईडी लाईट टाकले, डिपर मारला तरी कोणी खाली करत नाही, माझेही डोळे दिपून राहिले होते. स्पीड पन्नास-पंचावन्न, त्याबद्दल तक्रार नाही. कळंबचं चिंतामणीचं देऊळ मागं गेलं, पावणेआठ वाजले असतील. समोरून एक ट्रक गेला, आणि तो जाऊन एक क्षण होते न होते तोच मंडळी मागून ओरडली, "अहो बंडी!"

कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी. मागं ना रिफ्लेक्टर ना कंदील, वरपर्यंत बोंद्र्या (कापसाची पोती) रचलेल्या, म्हणजे मागून पाहिलं तर नुसता काळा ढीग. काकांनी ब्रेक मारला, गाडी सरकली, थांबली. किती अंतर राहिलं? मी खाली उतरून पाहिलं, माझ्या दोन पावलांचं. बोंद्रीतून एक कापसाचं बोंड लोंबत होतं, ते आमच्या हेडलाईटच्या उजेडात हलून राहिलं होतं, ते मला अजून दिसते. बंडीवाला मागं वळला आणि म्हणाला, "काऊन बाप्पा, आंधळा हायेस का?"

आपल्याकडं असं कोणी बोललं तर ड्रायव्हर उतरून चार ऐकवते. चूक बंडीवाल्याचीही होती, लाईट त्याच्याकडंही नव्हता. काका काहीच बोलले नाहीत. बंडी गेली. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि समोर पाहत म्हणाले, "सर, दिसली नाई."

तिथं रस्त्याच्या कडेला समजलं ते असं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, दुसऱ्याचा राहिलेला. दिवसा काही नाही, रात्री समोरून लाईट आला की त्या डोळ्यासमोर चांदण्या फुटतात आणि पुढचे दोन-तीन सेकंद काळोख. दीड वर्षापासून. मालकाला सांगितलं का? नाही. का? "सांगतलं तं गाडी देनार नाई ना सर." ट्रिपमागं काकांना सातशे मिळतात. ऑपरेशन केलं की महिनाभर बसावं लागते. घरी नातवाचं शिक्षण.

मी खूप रागात होतो, हात कापत होते, मंडळी तर रडूनच राहिली होती. पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, मी ५४ चा, पुढच्या सीटवर बसलेला, चष्मा लावून, मला ती बंडी दिसली नाही. मागं बसलेल्या बाईला दिसली. भाचा सकाळी जे दोन सीटांचं बोलला ते हेच.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट फिरून राहिली आहे. मी आधी काकांच्या बाजूचा होतो, ५८ काय, ६५ काय, ६७ काय, आकडा पाहून माणूस ठरवू नये, ज्याचं-त्याचं शरीर पाहून ठरवावं. ऐकायला फार छान लागते. पण ज्याचं-त्याचं पाहणार कोण? माणूस स्वतःहून सांगत नाही. सांगितलं की पगार बंद. काका वाईट माणूस नाही, उलट इतका जबाबदार माणूस मी पाहिला नाही जो चाकाला हात लावून चहा पिते, पण स्वतःच्या डोळ्याबद्दल तोच माणूस दीड वर्षं गप्प बसला. विमानाचा कॅप्टन तरी काय वेगळा, त्याच्या घरीही नातू असेल, कर्ज असेल. म्हणून ठरलेला आकडा जो असते ना, ५८, ६५, जो असेल तो, तो आंधळा आहे, अन्याय करते, सलीसारख्याला सोळा दिवसांत घरी पाठवू शकते, सगळं कबूल. पण तो माणसाला स्वतःच्या तोंडानं दिसत नाही म्हणायला लावत नाही. तारीख येते, सगळे टाळ्या वाजवतात, माणूस मान वर करून घरी जाते.

आणि ज्यांना ६७ पाहिजे त्यांच्याकडं निदान सहा महिन्याची तपासणी आहे, सिम्युलेटर आहे, बाजूला दुसरा पायलट आहे. एवढं असून ते दोन वर्षांसाठी माँट्रियलला भांडून राहिले आणि तरी नकार घेऊन आले. आमच्या गाडीत काय आहे? आकडाही नाही, तपासणीही नाही. लायसनला वरचं वय कायद्यात लिहिलेलंच नाही, पाच-पाच वर्षांनी रिन्यू होते, डॉक्टरचा फॉर्म लागते. तो फॉर्म कसा मिळतो हे मला विचारू नका, मी स्वतः रिन्यू केलं तेव्हा डॉक्टरनं माझ्याकडं मान वर करूनही पाहिलं नाही, शिक्का मारला आणि पैसे घेतले. डोळे माझे की शेजारच्याचे हेही विचारलं नाही. सहा-सात लोकं गाडीत, बाजूच्या सीटवर को-पायलटच्या जागी मी, आणि मी तर वर्ध्यापासून डुलक्या घेऊन राहिलो होतो.

घरी पोचलो दहाच्या आसपास. तिथून पुढं काकांनीच चालवली, तीस-पस्तीसनं, मी बाजूला जागा राहून रस्ता सांगत होतो, काका सायकल आहे, काका म्हैस आहे, काका उजवीकडं खड्डा. मंडळी मागून तेच. तिघांनी मिळून गाडी आणली म्हणा. उतरताना काकांनी भाडं घ्यायला हात पुढं केला नाही, मालकाला द्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकाला फोन केला. पहिले त्यानं तेच सांगितलं जे सगळे सांगतात, सर काका चाळीस वर्षांपासून गाडीवर आहेत, एक ओरखडा नाही. मी म्हणलं तेच तर, चाळीस वर्षांत ओरखडा नाही म्हणून कोणी पाहिलंच नाही. मग म्हणे पाचशे कमी द्या. मला पाचशे नको होते. मला भीती ही होती की मी तक्रार केली तर हा काकांना उद्याच काढेल आणि तो रीलवाला पोरगा पाठवेल, आणि मग माझ्यामुळं नातवाची फी अडकली हे मला झोपू देणार नाही. म्हणून नाव टाकलं नाही, आणि म्हणून मी त्याला सांगितलं, भाऊ काढू नको, रात्रीच्या ट्रिपा काढ. सकाळी नेणं, दिवा लागायच्या आत परत. रात्रीचं पाहिजे असेल तर दुसरा ड्रायव्हर, आणि त्या पोराला काकांसोबत आठ दिवस बाजूला बसव, हात लावून चाक पाहायला शिकू दे. तो हो-हो म्हणाला. हो-हो म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

भाच्यालाही फोनवर सांगितलं. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणे मामा, आमच्याकडं सांगून टाकलं तर निदान कागद आहे, नियम आहे, बरा होऊन परत येता येते, तरी लोकं लपवतात, काकांकडं तर काहीच नाही. मग त्यानं विचारलं ऑपरेशनला किती लागतील. मी म्हणलं तू तुझ्या कमांडचं पाहा.

तर रेटिंग. गाडी चार स्टार. रेट चार, घाटंजीहून याच्यापेक्षा स्वस्त मिळते पण ती गाडी मागच्या दारानं उघडत नाही. टाइम पाच. पाणी कोमट, दोन. ड्रायव्हर दिवसा पाच, दिवसाचे सहाही दिले असते. रात्री एक, आणि तो एक ब्रेक बरोबर मारला म्हणून. मालक, ज्यानं कधी विचारलं नाही, त्याला दीड. सगळं मिळून साडेतीन टाकतो, मास्तर असलो तरी सरासरी काढू नका, जुळणार नाही. बुक करायची असेल तर सकाळची करा आणि काकाच मागा, परत घरी पोचायचा टाइम साडेपाचच्या आतला ठेवा, बर्डीवर मंडळींना सोबत नेऊ नका. रात्री यायचंच असेल तर दुसरा माणूस मागा आणि त्याचा मोबाईल गाडीत बसतानाच बाजूला ठेवायला लावा.

अपडेट (पाच आठवड्यांनी) : काकांचा दुसरा डोळा सेवाग्रामला झाला. पैसे कोणी भरले ते लिहू नका म्हणून सांगितलं आहे. मालकानं महिनाभर गाडी दुसऱ्याला दिली पण काकांना काढलं नाही, एवढं त्याला अर्धा स्टार वाढवून देतो, दोन झाले. काल काकांचा फोन आला होता, म्हणे सर आता बंडीच्या मागं बोंद्रीले शिवलेली सुतळी बी दिसते. मी म्हणलं रात्री? तर म्हणे, रात्री तुमी चालवू देत नाई ना. पुढच्या महिन्यात बहिणीला नागपूरला न्यायचं आहे, सकाळची गाडी सांगून ठेवली, पाण्याच्या बाटल्या घरून नेणार.